एकच गोळी दोघांनी खाल्ली

मला जे आहे त्याचं नाव जी सिक्स पीडी. पुढे एक लांब शब्द लागतो, तो मी सोडून देतो. पहिल्यांदा ऐकणारे दोनच प्रश्न विचारतात. एक, "लागण होते का?" आणि दुसरा, "कोण्या जातीत होते हे?" लागण होत नाही. आणि दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही, कारण त्याच्या डोक्यात उत्तर आधीच तयार असतं, त्याला फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

मी सातवी शिकलेला माणूस. गाव बुलढाणा जिल्ह्यात. सासुरवाडी तेलंगणातल्या बेल्याची, म्हणून सासऱ्यांच्या ओळखीनं आदिलाबादला जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचं काम लागलं आणि मी बायकोला, वनिताला, घेऊन इकडे आलो. त्याला सहा वर्षं झाली. तेलुगू अजून धड येत नाही. हे लिहायला दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. मराठी वाचणारा आपल्यासारखा दुसरा कोणी सापडला, तर त्याला द्यायला बरं, म्हणाल्या. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत, म्हणून लिहितो. बाकी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांचे उपकार नाहीत.

गोळ्या

पाऊस उघडला आणि ताप आला. आधी वनिताला, दोन दिवसांनी मला. थंडी वाजून ताप, घाम, पुन्हा थंडी. मिलच्या फाटकासमोर एक आरएमपी बसतो. इकडे बिनडिग्रीच्या डॉक्टरला आरएमपी म्हणतात आणि डिग्रीवाल्यापेक्षा त्याला जास्त मान देतात, कारण तो सुई लगेच देतो. त्यानं दोघांची बोटं टोचली, पट्टी पाहिली, मलेरिया सांगितला. तापाच्या गोळ्या दिल्या, आणि वर चौदा दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. दोघांना सारख्याच.

"पूरा कोर्स करना. बीच में छोड़े तो फिर आएगा," तो म्हणाला.

एक अक्षर विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या मिलमध्ये कापसाची गाडी येते तेव्हा खरेदीवाला तीन ठिकाणी हात घालून बोंड काढतो, धागा ओढून पाहतो, ओल पाहतो. एकाच गावाचा, एकाच बियाण्याचा कापूस असला तरी गाडीगाडीत फरक असतो हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तोच खरेदीवाला आरएमपीच्या दारात आमच्यामागे उभा होता. माणसाची मात्र सगळ्यांची एकच गंजी, उचला आणि टाका मशीनमध्ये, हे त्यालाही पटलेलं होतं आणि मलाही.

वनिताला चौथ्या दिवशी बरं वाटायला लागलं. मला तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी काळी झाली. लाल नव्हे, पिवळी नव्हे. चहाची पत्ती तासभर उकळत ठेवावी तशी.

मुकादमाला सांगितलं. तो हसला. "गरमी आहे बे ते. निंगून राह्यली तं चांगलंच आहे." शेजारच्या मशीनवरच्यानं विचारलं बीट खाल्लं का. मी आयुष्यात बीट खाल्लेलं नाही.

घरी वनितानं मोरीत पाहिलं आणि घाबरली. "अवो, त्या गोळ्या बंद करा. गोळ्या सुरू झाल्या तवापासूनच हे हाय."

"तू पण तं त्याच खाऊन राह्यली. तुले झालं का काही?"

"मले नाही झालं. तुमाले झालं ना पण."

"कोर्स अर्धा सोडू नये म्हणते तो. तुले काय समजते त्याच्यातलं?"

ती दहावी पास आहे. मी सातवी. पण गोळी बंद करा हे ती म्हणाली म्हणून मी केली नाही. त्यानंतर आणखी तीन दिवस मी गोळी खाल्ली, नेमानं, जेवणानंतर, तिच्या समोर बसून. असल्या माणसाला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

चुन्याचं पाणी

डोळे पिवळे झाले तेव्हा मिलमधले सगळे एकदम डॉक्टर झाले. कावीळ. कावीळ म्हटल्यावर दवाखान्यात कोण जातो? मुकादमानं मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवून तामसीच्या बाजूला एका खेड्यात नेलं. तिथं एक म्हातारा कावीळ उतरवतो. त्यानं माझ्या हातावर कसलं तरी सालीचं पाणी चोळलं, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक झालं. "पाय, पाय, कशी उतरून राह्यली!" मुकादम मागून ओरडला. गळ्यात एक काड्यांची माळ घातली. ही माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ गेली समजायचं.

माझ्या हाताला काही लागलेलं नसतं तरी ते पाणी पिवळंच झालं असतं, हे मला नंतर वॉर्डातल्या एका बाईनं सांगितलं. तिच्या घरी तोच धंदा होता. ती सांगताना हसत होती. मी पण हसलो, पण मला राग त्या म्हाताऱ्याचा नाही आला. तो पोट भरतो. राग आला त्या पाण्याकडे पाहून माझ्या जिवाला केवढा आराम वाटला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी मिलच्या पायऱ्या चढताना मी चौथ्या पायरीवर बसलो आणि उठलो नाही. श्वास पुरेना. वनिताला कोणी बोलावलं, ऑटो कोणी आणला, मला आठवत नाही.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यात घेतलं तेव्हा वनितानं दोन वस्तू बरोबर आणल्या होत्या. उरलेल्या गोळ्यांची पट्टी, आणि पाण्याच्या बाटलीत माझी सकाळची लघवी. ऑटोवाला तिला बाटली बाहेर टाक म्हणत होता. तिनं पदराखाली धरली. वॉर्डाच्या सिस्टरनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, मग पट्टी पाहिली, आणि धावत गेली. मला तेलुगूत काय चाललं ते कळत नव्हतं, पण सिस्टर धावते म्हणजे आपलं काही खरं नाही एवढं कोणालाही कळतं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी पट्टी हातात घेऊन विचारलं, "ये किसने दिया? टेस्ट किया था पहले?"

"उंगली टोचली होती," मी म्हणालो.

"वो नहीं." त्यांनी पट्टी खिशात टाकली. "आज से ये बंद. एकदम बंद."

म्हणजे वनितानं जे मोरीतल्या बादलीपाशी उभं राहून सांगितलं होतं तेच.

रक्त जवळजवळ अर्धं फुटून गेलं होतं. तीन बाटल्या चढवाव्या लागल्या. मिलमधल्या बारा जणांना फोन केले. एकाला साखर निघाली, एकाची आई नको म्हणाली, एक म्हणाला रक्त दिल्यानं ताकद जाते आणि हंगाम तोंडावर आहे. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत. कावीळ उतरवायला मात्र मोटरसायकल लगेच निघाली होती. शेजारच्या खाटेवर उटनूरकडचे एक म्हातारे गोंड बाबा होते. त्यांचा मुलगा बसवर कंडक्टर. तो डबा द्यायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मेरा चलता क्या देखो." चाललं. रक्त देऊन आला, बापाला जेवू घातलं, आणि ड्युटीवर गेला. मी नीट आभार मानेपर्यंत तो जिना उतरला होता. त्याला हे वाचता येणार नाही, तरी लिहून ठेवतो.

रोजचं असं. पहाटे सिस्टर रक्त काढून न्यायची, मग सलाईन, मग भात. वनिता रोज सकाळची लघवी वेगळ्या बाटलीत घेऊन खिडकीत ठेवायची. पहिली काळी, दुसरी काळीच, तिसरी तपकिरी, चौथी दाट चहासारखी. पाचव्या दिवशी सिस्टरनं सगळ्या बाटल्या ओळीत पाहिल्या आणि वनिताच्या पाठीवर थाप मारली. "बागुंदि, बागुंदि." छान आहे, छान आहे. वनिता त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आजारपणात कोणी तुमच्यासाठी असं काही करत असेल तर ते तेव्हाच पाहून घ्या. मी नुसत्या बाटल्या पाहिल्या.

माय

माय सहाव्या दिवशी गावाहून आली. खाटेजवळ आली, माझे डोळे ओढून पाहिले, बाटल्यांची ओळ पाहिली आणि मटकन खाली बसली.

"गजाले असंच झालं होतं," ती म्हणाली. "असंच. काळं पाणी. डोळे पिवळे."

गजामामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधी हिवतापात गेला. आमच्या घरात त्याचं मरण असं सांगतात की त्याला शांतामामीनं काहीतरी खाऊ घातलं. हिवतापाच्या सरकारी गोळ्या तिनंच हातानं दिल्या होत्या म्हणे, आणि त्यात काही मिसळलं. पुरावा काय? त्याच गोळ्या तिनंही खाल्ल्या आणि तिला काही झालं नाही हा पुरावा. तेराव्याच्या आधी तिला पोटातल्या पोरीसकट माहेरी घालवलं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, आणि मला कधी तिच्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. घरच्या गोष्टी अशाच असतात. त्या आपण तपासत नाही.

मायनं वनिताकडे पाहिलं. "तू पण त्याच गोळ्या खाल्ल्या म्हणते."

"हाव, आत्याबाई."

"आन् तुले काहीच नाही?"

"नाही."

दुपारी वनितानं खोलीवरून वरण-भात करून आणला. डबा उघडला, माझ्यासमोर ठेवला. मायनं डब्यावर हात ठेवला.

"आधी तू खाय."

वॉर्डात चाळीस माणसं होती. गोंड बाबांना मराठी कळते. वनितानं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी सलाईनच्या नळीकडे पाहिलं. थेंब पडत होते. वनितानं दोन घास खाल्ले, तोंड पुसलं, डबा माझ्याकडे सरकवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

नॉर्मल

मॅडमना जी सिक्स पीडीचा संशय होता, म्हणून त्यांनी रक्ताची एक खास तपासणी बाहेरून करून आणायला लावली होती. कागद आला. नॉर्मल.

मॅडमनी मला नीट समजावलं होतं, हे मी कबूल करतो. म्हणाल्या, आत्ताच्या कागदावर जाऊ नका. तुमच्या रक्तातल्या जुन्या पेशी होत्या त्या गोळीनं मारल्या. उरल्या त्या नव्या, तरण्या. शिवाय दुसऱ्यांचं रक्त चढवलंय. हे रक्त तपासलं तर पास होणारच. तीन महिन्यांनी या, तेव्हा खरं कळेल. त्यांनी विचारलं, आईच्या बाजूच्या कोणा पुरुषाला असं झालं होतं का? मी गजामामाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मला जवळजवळ खात्रीच आहे.

हे सगळं मला कळलं. मी मूर्ख नाही. पण मायच्या हातात कागद होता.

"नार्मल म्हणजे बरोबर आहे ना? मंग रक्तात काही नाही. मंग कशात हाय?"

कशात आहे हे तिनं म्हटलं नाही. पलीकडच्या खाटेपाशी बसलेल्या बाया आपसात बोलल्या ते मी ऐकलं. मिलमध्ये दोन दिवसांत पसरलं. जे बारा जण रक्ताला आले नव्हते ते भेटायला आले. त्यांना रस होता. मुकादम म्हणाला, "बेल्याकडच्या बायांचं काही सांगता येत नाही राजा." त्याची स्वतःची बायको बेल्याजवळचीच आहे.

सुटी झाल्यावर खोलीवर मायनं स्वयंपाक हातात घेतला. वनिता भांडी घासायची आणि कापडं धुवायची. चार दिवसांनी तिनं पिशवी भरली. दारात उभी राहून तिनं मला विचारलं, "तुमाले काय वाटते?"

मी म्हणालो, "तीन महिन्यांनी तपासणी आहे ना. तोवर माय आहे तं…"

"तपासणीचं नाही इचारून राह्यली."

मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. ती बसनं बेल्याला गेली. तिचं माहेर एका तासावर आहे, एवढंच तिच्या नशिबात चांगलं होतं. शांतामामीला घालवलं तेव्हा तिला दोन गाड्या बदलाव्या लागल्या होत्या.

तीन महिने

तीन महिने मी काय केलं ते सांगतो, कारण असं होणाऱ्याला उपयोग होईल. रोज सकाळी उजेडात लघवी पाहिली. अजूनही पाहतो. डोकं दुखलं तर गोळी घेतली नाही. कपड्यात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या फेकल्या, त्यांचा वासही नको असं मॅडम म्हणाल्या होत्या. कोणी विचारलं काय झालं होतं, तर कावीळ सांगितलं. जेवताना, मायच्या हातचं जेवताना, मला अनेकदा वाटलं की खरंच वनितानं काही… आणि मग मला त्या पदराखालच्या बाटलीची आठवण यायची. विष घालणारी बाई पुरावा घेऊन दवाखान्यात येते का? हा प्रश्न शाळेतल्या पोराला पडला असता. माझ्या घरात तो कोणाला पडत नव्हता, कारण पडला असता तर गजामामाचंही पुन्हा मोजावं लागलं असतं.

जानेवारीत पुन्हा रक्त दिलं. कागद आला. या वेळी मॅडमनी मला कागदावर बोट ठेवून दाखवलं. आकडा खाली होता, फार खाली.

"ये बीमारी मत समझो," त्या म्हणाल्या. माणसांचं रक्त वरून सगळं लाल दिसतं, आत त्याचे खूप प्रकार असतात. जन्मतःच असतात. मलेरियाच्या मुलखात तुमच्यासारखं रक्त कित्येकांचं असतं, आणि चुकीची गोळी पोटात जाईपर्यंत त्यांना आयुष्यभर कळत नाही. ते आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला बहुतेक काही होत नाही. यात तिचा दोष नाही, कोणाचाच नाही. त्यांनी एक कार्ड करून दिलं, कोणत्या गोळ्या चालत नाहीत ते लिहिलेलं. ते खिशात ठेवा आणि सुई देणाऱ्या प्रत्येकाला आधी दाखवा. आरएमपीला दाखवलं तेव्हा त्यानं ते उलटं धरलं होतं.

मायला कागद वाचून दाखवला. तिनं तो हातात घेऊन पाहिला. मग रडली. "गजा गेला माहा, गजा," म्हणून रडली. मी वाट पाहिली, शांतामामीचं नाव येईल म्हणून. आलं नाही. ते अजून आलेलं नाही. मामीकडे जाऊन सांगून ये म्हटलं की तिचे गुडघे दुखतात.

बेला

दुसऱ्या दिवशी मी बेल्याला गेलो. वनिता अंगणात तुरी झोडत होती. मी कागद आणि कार्ड पुढं केलं. तिनं हात पुसले, दोन्ही वाचलं. माझ्यापेक्षा लवकर वाचलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता कोणती गोळी खायची नाही ते कळलं."

"चाल मंग. मी घ्यायले आलो."

तिनं कागद घडी करून परत दिला. "आन् हा कागद आला नसता तं?"

मी बसमध्ये पुष्कळ तयारी केली होती. माफी कशी मागायची, काय म्हणायचं. या प्रश्नाची केली नव्हती. मी काहीतरी बोलायला लागलो, मॅडम म्हणाल्या होत्या, मला आधीपासून वाटत होतं…

"खोटं नका बोलू. तुमाले येत बी नाही." ती पुन्हा काठी उचलून झोडायला लागली. "आत्याबाईले आना. चाळीस माणसाईत मले खायले लावलं होतं. इथं चार माणसाईत येऊन बोला म्हना. चारच पुरेत मले."

मायला आणायला मला नऊ दिवस लागले. रडून झालं, रुसून झालं, मी बायकोचा बैल हे झालं. शेवटी मी म्हणालो, मी एकटा बेल्याला राहायला जातो, तू गावाकडं जा. तेव्हा ती उठली. मी आयुष्यात तिला उलटून बोललो ते तेव्हाच, आणि तेही आजारातून उठून तीन महिन्यांनी. माझी हिंमत अशी आहे.

सासऱ्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली. शेजारचे दोघं येऊन बसले. वनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मायनं पदर नीट केला, पाणी प्याली, आणि वर न पाहता व्याह्यांना म्हणाली, "पोरीचा काही दोष नाही. दोष आमच्या रक्ताचा हाय, ईवाई."

सासरे शेतावरचे माणूस, कमी बोलतात. त्यांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली.

"रक्ताचा नाही, ईनबाई. रक्त बिचारं जसं हाय तसं हाय. दोष तोंडाचा हाय."

कोणी हसलं नाही. मायचा चेहरा काळवंडला, पण ती उठली नाही. सासऱ्यांनी मग माझ्याकडे पाहिलं. "आन् ज्याचं तोंड उघडलंच नाही, त्याचा जास्त."

वनिता आत गेली. ती पिशवी भरायला गेली की नुसती आत गेली, हे आम्हाला बाहेर कळेना. सासऱ्यांनी दुसरी सुपारी घेतली. माय गुडघे चोळत बसली. मी कागदाची घडी उघडत होतो आणि घालत होतो, घडीवर तो फाटायला आला. मग ती बाहेर आली, आणि पिशवी तिच्या हातात होती. ती तिनं माझ्याकडे दिली नाही. स्वतःच घेऊन फाट्याकडे चालायला लागली, आणि आम्ही दोघं मायलेक तिच्या मागे निघालो.